पाठवलेले हात

एकदा एक व्यापारी दानाला निघाला, पण दान करायचे होते दुसऱ्यांच्या हातांनी. नदीकाठच्या एका गावात त्याचा हातमागांचा मोठा कारखाना होता. परगावी गेला असता त्याने ऐकले की, तिथले मोठे व्यापारी आपल्या कामगारांना महिन्यातून एक दिवस लोकसेवेला पाठवतात, आणि अशा व्यापाऱ्यांचा माल लोक आवर्जून घेतात. ही गोष्ट त्याच्या मनात भरली.

त्याच्याकडे श्रीरंग नावाचा एक तरुण कारभारी होता. गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांकडे तो अनेक वर्षे शिकला होता. व्यापाऱ्याने त्याला बोलावून म्हटले, "श्रीरंग, गावाचे आपण काही देणे लागतो. तू शिकलेला माणूस आहेस. काहीतरी चांगले उभे कर."

श्रीरंगला मनापासून आनंद झाला. घाटाजवळ अंध वृद्धांचा एक आश्रम होता. तिथे म्हातारी माणसे पुष्कळ आणि त्यांचे करणारे हात फार थोडे. श्रीरंगने ठरवले की दर पौर्णिमेला माग बंद राहतील आणि सगळे कामगार आश्रमात जातील. त्यांनी म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, त्यांचे कपडे धुवायचे, त्यांना जेवू घालायचे. त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नव्हती. व्यापाऱ्याने प्रत्येकासाठी पिवळा शेला विणून घेतला आणि त्याच्या काठावर आपल्या पेढीचे चिन्ह घातले.

पौर्णिमेला पिवळे शेले घाटाकडे निघाले की लोक थांबून पाहत. व्यापाऱ्याचे नाव झाले, मालाला मागणी वाढली. एक गोष्ट मात्र कोणी मोठ्याने बोलत नसे. पौर्णिमेला जे कापड विणायचे राहून जाई, ते पुढच्या दिवसांत मुकादम कामगारांना जास्त वेळ बसवून पुरे करून घेई. श्रीरंगच्या कानावर हे आले होते. पण चांगल्या कामाला थोडे कष्ट पडायचेच, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

वर्ष पुरे झाले तेव्हा व्यापाऱ्याने पौर्णिमेलाच आश्रमात समारंभ योजला. आशीर्वाद देण्यासाठी आचार्यांना बोलावले. गावातली प्रतिष्ठित माणसे ओसरीवर बसली.

त्याच सकाळी तुळसा नावाची एक विणकर बाई मुकादमापाशी गेली होती. तिची लहान मुलगी तापाने फणफणली होती आणि घरी दुसरे कोणी नव्हते. ती म्हणाली, "मुकादम, आजचा दिवस मला सोडा. पोरगी डोळे उघडत नाही."

मुकादम म्हणाला, "दुसऱ्या कुठल्याही दिवशी सोडलं असतं, बाई. आज आचार्य यायचेत. शेठजींनी सांगितलंय, एकही माणूस कमी दिसता कामा नये."

तुळसाने मुलीला शेजारणीच्या ओटीवर निजवले आणि शेला खांद्यावर टाकून ती आली. आश्रमात अन्साबाई नावाच्या एका आंधळ्या म्हातारीला पेज भरवण्याचे काम तिच्याकडे आले. आचार्य जवळच बसले होते. पेज दोनदा सांडली. अन्साबाईने चाचपडत तिचे मनगट धरले आणि विचारले, "हात का कापतोय गं? घरी कुणाचं दुखतंय-खुपतंय का?"

तुळसाला रडू आवरेना. तिने हळू आवाजात सगळे सांगितले. अन्साबाई म्हणाली, "अगं मग इथं काय करतेस? मला काय, मी थांबेन. पोर थांबेल का?"

आचार्य उठले. त्यांनी तुळसाच्या हातून वाटी घेतली आणि म्हणाले, "मुली, तू घरी जा." मग अंगणातल्या कामगारांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असे ते बोलले, "ज्याला ज्याला आज घरी जावेसे वाटते, त्याने जावे. मी सांगतो आहे."

सगळे व्यापाऱ्याकडे पाहू लागले. इतक्या लोकांसमोर आचार्यांचा शब्द मोडणे त्याला शक्य नव्हते. आधी तुळसा पळतच गेली. मग एक म्हातारा विणकर उठला, मग दोन भाऊ. खांद्यावरचे शेले काढून, नीट घडी घालून ते कठड्यावर ठेवत आणि मान खाली घालून निघून जात. थोड्याच वेळात अंगण रिकामे झाले. अर्धवट आंघोळ झालेले एक आजोबा ओल्या अंगाने बसून राहिले होते. "अरे, पाणी कुठं गेलं? कुणी आहे का?" असे ते विचारत होते.

व्यापारी संतापून म्हणाला, "आचार्य, हे काय केलंत? या आंधळ्यांची तरी दया यायची होती! माणसं माझी होती. त्यांच्या दिवसाची मजुरी मी दिली आहे."

आचार्य शांतपणे म्हणाले, "मग ते काम तुमचे होते, शेठजी. तुमचे काम अजून उरले आहे. त्या आजोबांच्या पाठीवर पाणी घाला."

व्यापारी तांब्याकडे पाहत क्षणभर उभा राहिला, आणि पाहुण्यांना घेऊन निघून गेला. आचार्यांनी स्वतः पाणी घातले. श्रीरंगने पंचा आणला. दिवसभर ते दोघेच राबले. तरी कितीतरी जणांच्या आंघोळी राहिल्या आणि दुपारचे जेवण तिसऱ्या प्रहरापर्यंत लांबले.

पुढच्या पौर्णिमेपासून व्यापाऱ्याने सेवा बंद केली. तुळसाची मुलगी वाचली. तिचा माग मात्र मुकादमाने दुसऱ्या बाईला दिला, आणि काही दिवसांनी मुलीला घेऊन तुळसा गाव सोडून गेली. हे कळले तेव्हा श्रीरंगला राहवले नाही. आचार्य समारंभाच्या दिवसापासून आश्रमातच राहिले होते. श्रीरंग तिथे गेला तेव्हा विहिरीजवळ ते कपडे धूत होते.

श्रीरंग म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खरे तेच केलेत. पण तुळसा देशोधडीला लागली. पौर्णिमेला तरी या म्हाताऱ्यांना पुरेसे हात मिळायचे, तेही गेले. खोटी का होईना, सेवा चालली होती. ती मोडून काय मिळाले?"

आचार्यांनी हातातले धोतर पिळून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "तुळसाचे दुःख माझ्या माथी आहे. ते मी नाकारत नाही. पण तू मला सांग, त्या लोकांनी काय दिले? माणूस आपल्याजवळ असलेलेच देऊ शकतो. त्यांच्याजवळ स्वतःचा दिवस कधी होता? व्यापाऱ्याने त्यांचा दिवस घेतला, आंधळ्यांना दिला आणि पुण्य आपल्याजवळ ठेवले. त्याने आधी त्यांना त्यांचा दिवस द्यायला हवा होता. पोर आजारी असता घरी राहण्याची मोकळीक द्यायला हवी होती. मग त्यातला एखादा प्रहर कोणी इथे आणून दिला असता, तर ती सेवा झाली असती. श्रीरंग, तुला हे दिसत होते. तू पिवळ्या रंगाकडे पाहत राहिलास."

श्रीरंग तसाच व्यापाऱ्याकडे गेला. तो म्हणाला, "शेठजी, सेवा पुन्हा सुरू करू. पण ज्याला यायचे तोच येईल. न येणाऱ्याला कोणी विचारणार नाही, आणि बुडालेले काम त्यांच्याकडून भरून घ्यायचे नाही."

"मग कोण येईल?" व्यापाऱ्याने विचारले.

"कदाचित कोणीच नाही."

"मग मी लोकांना दाखवू काय?" व्यापारी म्हणाला, आणि त्याने पुढच्या कामाचे कापड हाती घेतले.

श्रीरंगने त्या दिवशी कारभार सोडला. दिवसभर दुसऱ्या एका दुकानात काम करून तो सकाळ-संध्याकाळ आश्रमात येऊ लागला. जुन्या कामगारांपैकी कोणी फिरकले नाही. त्यांना दोष द्यावा असे त्याला वाटेना.

एका सकाळी तो लिंबाजी नावाच्या आजोबांचे पाय धूत होता. लिंबाजींनी विचारले, "बाबा, तुला आता कोण पाठवतं?"

"कोणी नाही, आजोबा. मी आपणहून येतो."

श्रीरंगला वाटले, म्हातारा सुखावेल. पण लिंबाजींचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "ते शेलेवाले यायचेच. त्यांना न येऊन चालत नव्हतं. तुला कंटाळा आला तर तुला कोण अडवणार?"

श्रीरंगचे हात थांबले. आपणहून दिलेल्या गोष्टीवर घेणाऱ्याचा काहीच हक्क नसतो, याची भीती त्या म्हाताऱ्याच्या आवाजात होती. मोकळ्या माणसाला स्वतःलाच बांधून घ्यावे लागते, हे त्याला तेव्हा उमगले. त्याने लिंबाजींचे पाय कोरडे केले आणि सावकाश, एकेक शब्द उच्चारत सांगितले, "उद्याही येईन."

लिंबाजींनी पाय आत ओढून घेतले. त्यांनी तो शब्द मानला की नाही, हे श्रीरंगला कळले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आश्रमात हजर होता.