एका शब्दापाशी चार दिवस

"…पण पोथी तर मी अकरा दिवसांत वाचून काढली, आक्का! तरी जीव असा धुमसत का राहतो?"

विचारणारे गुंजाळसाहेब, निवृत्त मामलेदार. नदीकाठच्या मठात गोदाक्का पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या.

"सकाळी उठून काय करता?"

"चार पेपर. मग टीव्हीवरच्या बातम्या. माणसाला जगाची खबर हवी."

बातम्यांवर चिडता चिडता ते घरच्यांवरही चिडू लागले होते. घरात आता त्यांच्याशी कुणी मोकळेपणी बोलत नसे. तेवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

आक्कांनी पोथी मागून घेतली. एका ओवीवर बोट ठेवलं.

"रोज सकाळी हीच. कळली की पुढची. तोवर पेपर नाही, टीव्ही नाही."

"आणि तेवढ्यात जगात काही घडलं तर?"

"घडेल की. तुम्हाला विचारून घडतं का?"

साहेब पोथी घेऊन घरी गेले.

पाचव्या दिवशी आले ते मान खाली घालूनच.

"आक्का, ओवी काही झाली नाही. पहिल्याच शब्दात अडकलो."

"कुठल्या?"

"उगा. आपण उगाच म्हणतो ना, विनाकारण, तसंच धरून चाललो. अर्थच लागेना. चार दिवस तेवढंच घोळवतोय. आज सकाळी नात रडत होती. सूनबाई तिला थोपटत म्हणाली, उगी, उगी…"



"मग?"

"मग काय… नातीच्या आधी मीच उगा झालो, शांत झालो, आक्का! म्हटलं, आण तिला इकडे. सूनबाई बघतच राहिली. पोरगी माझ्या खांद्यावर झोपली. कितीतरी वेळ मी जागचा हललो नाही. पेपर आले होते, ते दारातच राहिले."

आक्का ताडकन उठल्या. मांडीवरच्या शेंगा पायऱ्यांवरून घरंगळल्या. स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "अगं, शिरा करायला घ्या! तूप सढळ हातानं घाला!"

साहेब ओशाळले.

"अहो आक्का, अख्खी पोथी राहिलीय अजून. एका शब्दासाठी शिरा?"

आक्का खळखळून हसल्या.

"संपली असती, तर कशाला केला असता?"