सारजाबाई जेवायची राहिली

सीना नदीच्या काठावर वडाळखुंट नावाचे लहानसे गाव आहे. तेथे वेशीबाहेरच्या लिंबाखाली रांजण महाराजांचा मुक्काम असे. वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण भरलेला ठेवावा, आल्यागेल्याला आधी तांब्या द्यावा आणि मग नाव विचारावे, एवढीच त्यांची साधना. तो रांजण रोज शेताला जाता जाता भरून जाई ती सारजाबाई.

तिला एक अभंग धड येत नव्हता. भजनाला बसली की भिंतीला टेकून तिचा डोळा लागे, कारण सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर पाठ टेकणारी बाई ती! तिचा नवरा रंभाजी मात्र गावातला मोठा जाणता. कोणत्या विधीला काय लागते, कोणी आधी बसायचे, हे गाव त्यालाच विचारी. तो पारावर बसून हसे, "आमच्या मंडळींची भक्ती म्हणजे पाणी वाहणं, आणि महाराजांची म्हणजे ते पिणं." महाराजांच्या कानावर हे गेले की ते म्हणत, "खरंय त्याचं. तिच्याच पाण्यावर आमचं भजन चालतं."

अशी ही सारजाबाई एका दुपारी चुलीपाशीच कलंडली आणि गेली. दहाव्याला सगळी भावकी नदीवर जमली. मुलाने, संपतने, पिंड मांडले. कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी तोंडात काही घालायचे नाही, अशी रीत. रंभाजीने ती पोराटोरांना आणि पाहुण्यांनाही लावली होती. भाकरी-आमटी करंजाच्या झाडाखाली झाकून ठेवलेली, वास वाळवंटभर पसरलेला, आणि कावळा काही शिवेना.

बरे, कावळे नव्हते असेही नाही. शेजारच्या बाभळीवर त्यांची ही गर्दी! एखादा खाली उतरे, टुणटुण उड्या मारत पिंडापर्यंत येई, मान वाकडी करून माणसांकडे बघे आणि परत फांदीवर जाऊन बसे. रंभाजीने हात जोडले. "तुझ्या नावानं घाटाला पायऱ्या बांधतो." कावळे ढिम्म. "नातीचं लग्न थाटात करतो." कावळे ढिम्म. "तुझ्या भावाशी अबोला सोडतो," हे तर तो दातओठ खातच म्हणाला, पण त्याचाही उपयोग झाला नाही. ऊन डोक्यावर आले. म्हातारी माणसे सावलीला सरकली, पोरे रडकुंडीला आली.

"रंभाजीराव, दर्भाचा कावळा करून शिववू," गुरुजी घाम पुसत म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

"आणि गाव काय म्हणेल? रंभाजीची बायको उपाशी गेली?" रंभाजी खेकसला. मग बाभळीकडे बघून त्याचा तोलच गेला. "जन्मभर हेच केलंस. जेव म्हटलं की म्हणायचीस, तुम्ही घ्या, माझं होतंय. आता मेल्यावर तरी वेळेवर जेव की बाई." आवाज चढला होता खरा, पण आतून तो घाबरला होता. ही आपल्यावर रागावून चालली असेल, तर आता समजूत काढायची कुठे?

एवढ्यात हातात तांब्या घेऊन महाराज घाट उतरून आले. त्यांना कोणी बोलावले नव्हते. आल्या आल्या त्यांनी विचारले, "रंभाजी, लेकरं जेवली का?"

"कशी जेवतील, महाराज? कावळा शिवल्याबिगर कुणी जेवत नसतं. रीत आहे ती."

"ही तुझी रीत झाली. तिची कोणती होती?"

"तिची कसली रीत? तिला काय कळत होतं?"

महाराजांनी सुनेकडे, मैनेकडे पाहिले. मैनेने पदर सावरला. "आत्याबाई घरातलं समदं माणूस जेवल्याबिगर घास घेत न्हवत्या. कुत्र्याला टाकून मग बसायच्या. त्या दिशी ऐन वेळी पाहुणं आलं. आत्याबाईंची भाकर पाहुण्याला गेली. त्यांनी दुसरी तव्यावर टाकली, ती उलथायच्या आधीच..."

"मग झालं," महाराज म्हणाले. "तुम्ही तिच्यासाठी थांबलाय, ती तुमच्यासाठी. असं कुठवर चालायचं? वाढा."

"दोष लागेल हो," गुरुजी पुटपुटले.

"लागला तर मला लागेल."

वाळूतच पंगत बसली. पोरे तुटून पडली. संपतने डोळे पुसत घास घेतला. गुरुजींनीही "हे काही बरं नव्हे" म्हणत एक केळे सोलले. आणि काय सांगावे श्रोतेहो, एक कावळा सरळ उतरून पिंडाजवळ येऊन उभा राहिला! पण चोच लावीना. तो एकट्या उभ्या असलेल्या रंभाजीकडे बघत होता.

"मी जेवणार नाही," रंभाजी म्हणाला. "चार माणसांत मला रीत मोडायला लावता?"

"नको जेवू," महाराज शांतपणे म्हणाले. "फक्त एवढं सांग, तिला जेवताना तू कधी पाहिलंस?"

रंभाजी आठवू लागला. भाकरी थापणारी सारजा आठवली. धार काढणारी, खुरपणारी, आजारी संपतला मांडीवर घेऊन भरवणारी आठवली. ताटावर बसलेली काही केल्या आठवेना. तिला गोड आवडे की तिखट, हेही त्याला ठाऊक नव्हते. तो मटकन खाली बसला.

मैनेने त्याच्या हातावर भाकरी ठेवली. त्याने पहिला घास घेतला, तसा महाराजांनी तांब्या पुढे केला. "घे. ती गेल्यापासून रांजणात कुणी घागर ओतली नाही. येणारा-जाणारा पितोय, तरी तिचं पाणी अजून सरलं नाही."

रंभाजीने भाकरी संपवली, हात धुतला आणि कावळ्याकडे बघून म्हणाला, "माझं झालं, सारजा. आता कुणी राहिलं नाही. तू बस."

शब्द संपतो न संपतो तोच कावळ्याने पिंडात चोच घातली, आणि मागोमाग सारी बाभळ खाली उतरली.

रंभाजी वळून महाराजांच्या पायांवर कोसळू लागला. महाराजांनी पाय मागे घेतले, त्याचे खांदे धरून त्याला पिंडाकडे वळवले आणि म्हणाले, "इकडं नाही, तिकडं." रंभाजीने तिथेच वाळूत डोके टेकले. कावळे हातभर अंतरावर होते, पण एकही उडाला नाही. त्याला मोठ्याने हुंदका फुटू लागला, तसे महाराज वाकून हळूच म्हणाले, "हळू. तिला ताटावरून उठवू नको."

रंभाजी डोके टेकवून तसाच पडून राहिला. सारजाबाई सावकाश जेवली.