शोकसभेतलं भाषण

“गुरुजी, यंत्राकडून लिहून घेतलं म्हणून काय बिघडलं?”

मल्लिनाथने अगदी असंच विचारलं होतं का, याची मला आता खात्री नाही. वय झालं की माणूस दुसऱ्यांची वाक्यं आपल्या परीने दुरुस्त करू लागतो. पण त्याच्या हातात काचेची चौकट होती, एवढं नक्की.

मल्लिनाथ सोलापुरातल्या एका शाळेत आठवीचा वर्गशिक्षक. वर्गात एआय कसं वापरावं, हे तो जिल्हाभरच्या शिक्षकांना शिकवायचा. त्याला लहानपणी नाईकवाडी गुरुजींनी शिकवलं होतं. मी गुरुजींचा शेजारी. त्यांच्याकडेच बसलो होतो.

त्याच्या वर्गातली भाग्यलक्ष्मी तापाने गेली होती. शोकसभेत त्याने वाचलेलं भाषण एआयने लिहिलेलं होतं. तिची आई सभेला येऊ शकली नव्हती. सर काय बोलले ते मला द्या, असा तिचा निरोप होता. म्हणून भाषण छापून काचेत बसवलेली ही चौकट.

“सगळी शाळा रडली, गुरुजी. मला असं लिहायला जमलंच नसतं.”

“वाच.”

त्याने वाचलं. हसतमुख, मनमिळाऊ, अभ्यासू, सर्वांची लाडकी...

“सुरेख,” गुरुजी म्हणाले. “आता तिच्या जागी माझं नाव घालून वाच.”

“काय पण बोलता, गुरुजी!”

“वाच की रे, मल्ल्या. मेल्यावर मला कुठे ऐकू येणार आहे?”

तो हसला. वाचू लागला. हसतमुख, मनमिळाऊ...

मध्येच त्याने वाचणं थांबवलं.

“म्हणजे यंत्र वाईट, असंच ना?”

“छे. त्याला तू काय सांगितलं होतंस?”

“नाव... इयत्ता... तापाने गेली, एवढं.”

“आणखी?”

“आणखी मलाच माहीत नव्हतं, गुरुजी.”

त्याने चौकट उलटी करून खाली ठेवली.

“मग उद्या तिच्या आईला काय देऊ?”

“काही देऊ नकोस. विचार. पोर कशी होती, ते विचार.”

चौकट तिथेच ठेवून तो उठला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. कितीतरी वर्षांनी मल्लिनाथ भेटला, तेव्हा त्यालाच विचारून खात्री करून घेतली. तो दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्या घरी गेला होता. खोलीला कुलूप होतं. यंत्रमागावरचं काम सोडून आईबाप तेलंगणात, गावी निघून गेले होते. कुठल्या गावी, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं.

तो तसाच गुरुजींकडे आला होता. “आता कुणाला विचारू?”

“शाळा भरली असेल,” गुरुजी म्हणाले होते. “बाकीची मुलं आहेत अजून. ती कशी आहेत, ते विचार.”