गाडी खाली करा

“पंधराची चाकं घालू, की तेराचीच ठेवून स्प्रिंगा कापू?”

मकरंद बोडसांचा हा प्रश्न पुण्यात तीन ठिकाणी विचारून झाला होता. पहिला म्हणाला, पंधरा इंची चाकं घाला, चाकावरची पोकळी भरून निघेल. दुसरा म्हणाला, स्प्रिंगचे दीड वेढे कापा, गाडी छान टेकेल. तिसरा म्हणाला, दोन्ही करा, आणि रंगाचंही बघू.

म्हणून बोडस मिरजेला आले होते. लाडलेसाब मिस्त्रींकडे.

मिस्त्री पंचाहत्तरीचे. बशीतला चहा फुंकत होते. प्रश्न ऐकल्यावरही फुंकत राहिले.

बाहेर टेम्पोवाल्याने मागचा फळका लावला. “माल उतरवला, गाडी खाली केली, साहेब. निघतो,” म्हणाला आणि गेला.

माल म्हणजे एक लाल विलायती गाडी. दोन आसनी, उघड्या टपाची, बोडसांपेक्षा वयाने दोनच वर्षांनी लहान. बोडसांच्या वडिलांची, अण्णांची. दर थंडीत जुन्या गाड्यांची फेरी निघायची आणि अण्णा तीत असायचे. गेल्या मार्गशीर्षात अण्णा गेले. यंदाची फेरी येत्या रविवारी होती.

“चालत नाही का?” मिस्त्रींनी विचारलं.

“उत्तम चालते.”

“मग टेम्पोतनं?”

“आधी तिची उंची ठरू दे. मग चालवीन.”

मिस्त्रींनी बशी खाली ठेवली.

बोडसांनी वही उघडली. ते इंजिनियर होते, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. वहीत बावीस मापं होती, मिलिमीटरमध्ये, चारही चाकांची.

“मला नवं काही नको, मिस्त्री. अण्णांच्या वेळी जशी उभी राहायची, तशी पाहिजे. हा फोटो. चाक आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जागा. आज मोजा. चार.”

“स्प्रिंगा बदलल्या?”

“नाही.”

“चाकं?”

“तीच.”

“आणि गाडी वर आली.”

“हेच तर कोणाला सांगता येत नाही.”

मिस्त्रींनी फोटो हातात घेतला. बोडसांनी तो मुद्दाम मोठा करून आणला होता. पुढचं चाक परातीएवढं झालं होतं. त्या नादात वरचा बराच भाग कापला गेला होता.

“उजवीकडं कललीया.”

“रस्त्याला उतार असणार. दीड अंश धरलाय मी.”

“धरलाय.”

“गणिताने.”

मिस्त्रींनी मान डोलावली. पत्रिका परत करावी तसा फोटो दोन्ही हातांनी परत केला.

“स्प्रिंग कापली की परत जोडता येत न्हाई, साहेब.”

“माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे आलो. तीन दिवस उरलेत. तुम्ही म्हणाल ते अखेरचं.”

“काय करू, एका शब्दात सांगा.”

“गाडी खाली करा.”

“किती?”

“पूर्ण. फोटोत आहे तेवढी.”

मिस्त्री उठले. गुडघ्यांवर हात ठेवून, दोन टप्प्यांत.

“करतो की. तुम्ही जेवून या. कोपऱ्यावर खानावळ आहे.”

“मला भूक नसते,” बोडस म्हणाले. पँट पट्ट्याने कशीबशी धरून ठेवली होती. पट्ट्याला या वर्षात दोन भोकं नवी पाडली होती.

ते नुसता चहा घेऊन तासाभराने परतले.

अंगणात गोणपाट अंथरलं होतं. त्यावर गाडीतली एकूण एक वस्तू ओळीने मांडलेली. जादा चाक, जॅक, पान्यांची पेटी, तळाचा गालिचा, डाव्या बाजूचं आसन. शेवटी एक चष्म्याचं घर, लवंगांची डबी आणि चार घड्या घातलेला मफलर.

गाडी आणखी अर्धं बोट वर आली होती.

“हे काय केलंत?”

“खाली केली.”

“अहो, खाली म्हणजे खाली! जमिनीकडे!”

“आमच्याकडं खाली म्हंजे रिकामी. टेम्पोवाल्याला इचारा.”

“पण ती वर गेली.”

“खाली केल्यावर वरच जाणार, साहेब.”

बोडसांना राग आला होता. पण बघत होते ते अण्णांच्या लवंगांच्या डबीकडे. गाडीतला समोरचा खण त्यांनी वर्षभरात एकदाही उघडला नव्हता. बावीस मापं घेतली होती, सगळी बाहेरून.

“फोटो द्या पुन्हा.”

त्यांनी दिला. मिस्त्रींनी दारावर बोट ठेवलं. चाकाच्या मागे, फोटोच्या अगदी वरच्या कडेला, कापण्यातून वाचलेलं काहीतरी होतं.

“ह्ये कोपर कुणाचं?”

“…अण्णांचं.”

“वजन?”

“कोपराचं?”

“माणसाचं.”

बोडसांनी वही चाळली. तिथे नव्हतं.

“एकशेचार,” ते म्हणाले. “शेवटी शेवटी कमी झालं होतं. पण तेव्हा एकशेचार.”

“आणि बसायचे कुटं?”

“उजवीकडे. स्टिअरिंगवर…”

बोडसांनी वही मिटली.

मिस्त्रींनी घाई केली नाही. गालिचा झटकून आत घातला. आसन बसवलं, चाक ठेवलं, पेटी ठेवली. चष्म्याचं घर आणि डबी पुन्हा खणात गेली. मफलर मात्र त्यांनी बोडसांच्या हातात दिला.

“तो दीड अंश,” बोडस हळूच म्हणाले.

“रस्त्याला उतार नव्हता,” मिस्त्री म्हणाले.

बोडस हसले. मग त्यांना जरा खोकला आला आणि तो बराच वेळ गेला नाही. मिस्त्री तेवढा वेळ पान्यांची पेटी उगाच पुन्हा लावत बसले.

“बसा आत.”

“मी?”

“मग मी बसू? माझ्या वडलांची हाय का?”

बोडस उजवीकडे बसले. आसनाला मोठा खळगा पडलेला होता. त्यात ते वाटीत सुपारी ठेवावी तसे दिसत होते. त्यांनी मफलर मांडीवर ठेवला. कोपर दारावर टेकवलं, मग काढून घेतलं, मग पुन्हा टेकवलं.

गाडीने हलकेच श्वास सोडला.

मिस्त्री चाकाशी उकिडवे बसले आणि पोकळीत बोटं घातली. टेप कधीच वापरत नसत.

“तीन.”

“फोटोत दोन आहेत.”

“हं.”

“म्हणजे अजून एक बोट बाकी आहे.”

“हाय.”

“मग ते कशाने भरायचं? चाकं? स्प्रिंगा? रविवारी मला…” बोडस थांबले. “एका बोटासाठी काय करू, मिस्त्री?”

मिस्त्रींनी बोटं फडक्याला पुसली. गॅरेजचं फाटक सताड उघडून दिलं.

“जेवत जा.”