शेवटचं प्रकरण

“सगळं लिहिलंयस ना यात?”

हेरंबने नुकताच आपला प्रबंध विभूते गुरुजींच्या पायाशी ठेवला होता. तो उद्या विद्यापीठात द्यायचा. पण पहिली प्रत गुरुजींची, असं त्याने केव्हाच ठरवलं होतं. शाळेत विज्ञान त्यांनीच शिकवलं. निवृत्तीनंतर ते गावाबाहेरच्या मठीत राहायला आले, आणि गावाने त्यांना न विचारताच साधू करून टाकलं.

“जे लिहिलंय ते सगळं खरं आहे, गुरुजी.”

“मी ते विचारलं नाही.”

...

हेरंब ओठ मिटून हसला. तो नेहमी तसाच हसे. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, त्यामुळे दातांवर तपकिरी डाग. विद्यापीठात लोकांना वाटे, पोरगा तंबाखू खातो. म्हणून तर त्याने फ्लोराइड अडवणाऱ्या फिल्टरवर संशोधन घेतलं. खर्च फिल्टरवाल्या कंपनीचा.

“शेवटचं प्रकरण काढलं,” तो म्हणाला. “चार महिन्यांनी फिल्टर फ्लोराइड अडवेनासा होतो, असं दिसत होतं. सर म्हणाले, ते पुढे कधीतरी वेगळं छापू.”

“सरांना काय अडचण?”

“माझे मार्गदर्शक आहेत, तसे कंपनीचे सल्लागारही आहेत.”

“आणि परीक्षक?”

“सरांचे जुने मित्र.”

“आणि तू?”

“मी... पुढच्या महिन्यात कंपनीत रुजू होतोय.”

“वा. वधूपक्ष, वरपक्ष, भटजी, सगळे एकाच घरचे. अक्षता टाकायला तरी बाहेरचं कोणी आहे का?”

हेरंबला ते लागलं.

“नुसतं खरं बोलणाऱ्याला कोण विचारतं, गुरुजी? आधी पदवी, नोकरी हातात येऊ द्या. मग आत राहून सगळं सुधारता येतं.”

हे वाक्य त्याने एसटीत घोकलं होतं. मठीत ते आणखीच भारदस्त वाटलं.

गुरुजींनी मान डोलावली. “उन्हातून आलास. पाणी घे.”

ते उठून कोपऱ्यात गेले. तिथे निळ्या झाकणाचा फिल्टर होता. हेरंबने तो प्रयोगशाळेत इतक्यांदा उघडला होता की डोळे मिटूनही ओळखला असता.



“हा... इथे कधी आला?”

“दिवाळीत. झाले की सहा महिने. कंपनीची माणसं म्हणाली, तुमच्याच गावचा हेरंब यावर काम करतोय. मग कोण कशाला शंका घेतंय? शाळेतही बसवला. पोरं पूर्वी टाकीतलं पावसाचं पाणी प्यायची, ती टाकी आता बंद. तुझ्या आईने तर फिल्टरला हळदकुंकू वाहून पहिला हंडा भरून नेला.”

...

गुरुजींनी तांब्या भरून त्याच्यापुढे धरला.

हेरंबचा हात पुढे झाला नाही.

“नको? बरं.” त्यांनी तांब्या स्वतःच्या ओठांकडे नेला.

“गुरुजी, पिऊ नका.”

हेरंबने त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं. निम्मं पाणी प्रबंधावर सांडलं. गुरुजींचा हात असा धरायची छाती गावात कोणाची नव्हती, त्याची तर नव्हतीच. आपलीच बोटं तो परक्याची असावीत तशी बघत राहिला.

गुरुजींनी ती एकेक करून सोडवली. उरलेलं पाणी सावकाश पिऊन टाकलं आणि मिशा पुसल्या.

“प्रबंधात नाही ना? मग पाण्यात कुठून असेल?”