नावा जाळण्याआधी

फार जुनी गोष्ट आहे, पोरांनो. थोरांनीही ऐकावी, कारण असल्या चुका बहुधा थोरच करतात.

एका रुंद नदीकाठी नावाड्यांचं गाव होतं. पैलतीरी माळावर राजाची शत्रूशी लढाई जुंपली होती. गावाचा एक कडक रिवाज होता. आपलं सैन्य हरलं, तर सगळ्या नावा जाळून टाकायच्या, म्हणजे शत्रूला नदी ओलांडता येऊ नये. हुकूम द्यायचा तो घाटावरच्या सर्वांत वयस्कर नावाड्याने. त्या वर्षी तो मान ठकूबाईचा होता, आणि तिचा एकुलता एक मुलगा पलीकडे लढत होता.

एके सकाळी पलीकडून एक कासार आला. "हरलो हो! राजा पडला!" पुढच्या नावेतून गोसावी आला, तोही तेच म्हणाला. मेंढरांमुळे मागे पडलेला एक मेंढपाळ आला, त्याचीही तीच रड. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. लोक मशाली घेऊन घाटावर धावले.

पाटील म्हणाला, "आक्का, तिघं तिघं सांगतायत. आता कशाची वाट बघतेस?"

ठकूबाईने गोसाव्याला विचारलं, "महाराज, तुम्ही पाहिलंत?"

"नाही माई, मला या कासाराने सांगितलं."

"मला या मेंढपाळाने," कासार चाचरला.

"आणि तू रे?"

"मी टेकडीवरून तंबू जळताना पाहिले, आक्का."

"कुणाचे?"

"एवढ्या लांबून ते कसं कळणार?"

"आणि राजा?"

"तंबू जळाले म्हणजे पडलाच असणार की!"

घ्या! तोंडं तीन, डोळे एकाचे, आणि राजाला तर कुणीच पाहिलेलं नाही.

तेवढ्यात गर्दीतून कुणी ओरडलं, "पोरगा पलीकडे आहे म्हणून हिचा हात धजत नाही!" उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

ठकूबाईचा चेहरा उतरला, पण ती मागे हटली नाही. "आहे ना पोरगा. जीव तुटतो माझा. म्हणून तर मी माझ्या मनाचंही ऐकत नाही. तुमची भीती सांगते हरलो, माझी माया सांगते जिंकलो. दोघींनीही रण पाहिलेलं नाही."

तिने सगळ्या नावा अलीकडे ओढून घेतल्या. त्यांत वाळकं गवत भरलं, प्रत्येकीजवळ मशालवाला उभा केला. "मी एकटी जाऊन टेकडीवरून बघते. पांढरं कापड हलवलं तर नावा पाठवा. सूर्य मावळेपर्यंत खूण दिसली नाही तर पेटवून द्या. माझ्यासाठी थांबायचं नाही."

म्हातारी एक लहान होडी घेऊन नदी ओलांडून टेकडी चढली. तंबू आपलेच जळाले होते, हे खरं. पण राजा खिंडीत घोड्यावर होता, शत्रूला थोपवून धरत होता, आणि शेकडो जखमी लंगडत नदीकडे येत होते.

तिने पांढरं कापड हलवलं. गवत पाण्यात फेकून नावा निघाल्या. दिवसभर खेपा चालल्या; टेकडी उतरून ठकूबाईही वल्हं मारत होती.

एका खेपेत एक जखमी शिपाई तिच्यापुढे हात जोडून म्हणाला, "आक्का, तुझा लेक काल माझ्या मांडीवर गेला. मी होतो तिथे."

ठकूबाईने हंबरडा फोडला. नाव तशीच प्रवाहात डोलत राहिली. मग तिने पदराने डोळे पुसले आणि वल्हं उचललं. "बसा नीट. पलीकडे अजून माणसं आहेत."

त्या दिवशी तीनशे माणसं घरी आली. चौथ्या दिवशी राजाने खिंडीतच लढाई जिंकली. सकाळीच नावा जळाल्या असत्या, तर ती तीनशे माणसं आपल्याच गावासमोर तडफडून मेली असती, आणि त्यांना मारणारे आपलेच हात असते.

बोध: जे केल्यावर परत फिरता येत नाही, ते ऐकीव बातमीवर करू नये, मग ती शंभर तोंडांनी का येईना.