पालथा पेला

ऊस पिकणाऱ्या एका गावात एक गुऱ्हाळवाला होता. त्याच्या गुळाला दूरदूरहून मागणी असे. तोंडातून शब्द मात्र क्वचितच निघायचा, जणू त्यालाही मोल पडतं.

त्याच्या गुऱ्हाळावर एक रीत होती. कट्ट्यावर प्रत्येक गड्याचा मातीचा पेला मांडलेला असे. काम संपलं की मालक त्यात ताजा रस ओती. कुणाचं काही चुकलं, तर त्याचा पेला पालथा घाली. काय चुकलं ते विचारायची सोय नव्हती. दुसऱ्यांदा पेला पालथा दिसला, की गड्याने मुकाट्याने घरची वाट धरायची. मालकाचा मेहुणा मात्र उसाच्या मोळीवर घोरत पडला, तरी त्याचा पेला काठोकाठ भरे.

एके दिवशी चुलवाणात जाळ घालणाऱ्या म्हातारीचा पेला दुसऱ्यांदा पालथा पडला. तिची सारी हयात त्या जाळापुढे गेली होती.

"धनी, माझं काय चुकलं? सांगा, सुधारते," ती म्हणाली.

"ज्याचं त्याला कळायला हवं."

म्हातारी गेली. मग बाकीचे गडी धास्तावले. कशाने पेला पालथा होईल याचा नेम नाही, म्हणून एकेक जण शेजारच्या गुऱ्हाळावर गेला. राबणारं कुणी उरलं नाही, तसा मेहुणाही उठून गेला.

मालकाने एकट्याने चुलवाण पेटवलं. रस आटला, गूळ होत आला. पण गुळाची ती अवजड कढई, काहील, एकट्याने उतरत नाही. हाक मारावी तर कुणाला? डोळ्यांदेखत गूळ करपला. त्या रिकाम्या गुऱ्हाळात त्याला रडू आलं.

तो म्हातारीच्या दारी गेला. "चल परत. तुझ्यावाचून अडलंय."

"येते की. तेवढं सांगा, माझं काय चुकलं होतं?"

मालकाने खूप आठवून पाहिलं. त्याचं त्यालाच आठवेना.

म्हातारीने हळूच दार लावून घेतलं.

मालकाने गुऱ्हाळावर येऊन सगळे पेले सुलटे केले. रोज संध्याकाळी तो कट्ट्यावर त्यांच्याशेजारी बसू लागला. पेल्यांत धूळ साचत गेली, आणि वाटेवरून कुणी आलं नाही.

तात्पर्य: कुणाला दोष द्यायचा तर तो त्याला सांगावा, सुधारायला वेळ द्यावा आणि सगळ्यांना एकच माप लावावं. जिचं कारण सांगता येत नाही, ती शिक्षा शेवटी देणाऱ्यालाच भोगावी लागते.